सतराव्या पानावरचा शिक्का

शाळेच्या ग्रंथपालबाईंना संमेलनाला पाठवायचं ठरलं, ते त्या कुणाला नकोशा झाल्या होत्या म्हणून नव्हे. त्यांची खोली सगळ्यांना हवीशी झाली होती म्हणून.

खोली होतीच तशी. दोन्ही बाजूंना खिडक्या, वर दोन पंखे, त्यातला एक चालणारा. भिंतींना लागून काचेची नऊ कपाटं, मध्ये लांबलचक टेबल आणि टेबलापलीकडे सहा गुंडाळलेल्या चटया, अकरा चेंडू आणि उंच उडीचे दोन खांब. हे सामान खेळाच्या सरांचं. 'दोन दिवस राहू द्या' म्हणून ते ठेवून गेले, त्याला चौथं वर्ष चालू होतं. मुलं ग्रंथालयात यायची ती चेंडू न्यायला. बाई पुस्तक घेतल्याशिवाय चेंडू देत नसत. त्यामुळे प्रत्येक मुलगा एक पुस्तक आणि एक चेंडू घेऊन बाहेर पडे आणि तास संपल्यावर दोन्ही इमानेइतबारे परत करी. त्यातला चेंडू मळलेला असे.

तर एके दिवशी हेडसरांनी बाईंना बोलावलं. टेबलावर एक नकाशा पसरला होता. वर ठळक अक्षरांत 'बहुउद्देशीय कक्ष' असं लिहिलं होतं.

"हे गोल दिसतात त्या खुर्च्या," हेडसर म्हणाले.

"आणि पुस्तकं?"

"ही काय, व्हरांड्यात. हे लांब चौकोन."

"आणि मी?"

हेडसरांनी नकाशा उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला. बाई नकाशात नव्हत्या. "तुम्हाला ऑफिसात बसवू," ते म्हणाले. "हजेरीपटांचं काम तुंबलंय."

बाईंनी सव्वीस वर्षं त्या खोलीत काढली होती. त्या काहीच बोलल्या नाहीत. शांतता राखणं हा त्यांचा व्यवसायच होता. पण हेडसर मनाने वाईट नव्हते, त्यामुळे ती शांतता त्यांना बोचली.

"असं बघा बाई, मलाही बरं वाटत नाही. पण मुलं येतात का, तुम्हीच सांगा. चेंडू सोडून."

बाई नकाशावरचे गोल मोजू लागल्या.

"शालेय ग्रंथपालांचं दोन दिवसांचं संमेलन भरतंय. या शनिवारी-रविवारी. तुम्ही जा. पुरेपूर फायदा करून घ्या. मुलं पुस्तकासाठी खोलीत येतील असं काहीतरी एक घेऊन या. एकच. सोमवारी तीन वाजता सभेत सांगा. पटलं, तर हा नकाशा बाजूला ठेवू."

बाईंनी घरी येऊन ही बातमी सांगितली. यजमान वर्तमानपत्रातून डोकं वर न काढता म्हणाले, "पुरेपूर म्हणजे नेमका किती?" याचं उत्तर समोरच्या घरातल्या निवृत्त मॅनेजरसाहेबांकडे होतं. मॅनेजरसाहेबांनी नोकरीच्या काळात एकेचाळीस संमेलनं पाहिली होती, आणि त्यांच्या घरातली पिशवी, पेन, छत्री यांतली एकही वस्तू दुकानातून आलेली नव्हती.

"वहिनी, लिहून घ्या," ते आत येऊन बसत म्हणाले. "एक, तिसरी रांग. पहिल्या रांगेत पाहुणे, दुसरीत पाहुण्यांची माणसं, तिसरीत बसलं की फोटोत डोकं येतं. दोन, प्रत्येक भाषणानंतर प्रश्न."

"पण भाषण कशावर असेल ते कळल्याशिवाय—"

"भाषणाशी आपल्याला काय करायचंय? प्रश्न एकच. 'या संदर्भात प्रत्यक्ष अंमलबजावणीच्या पातळीवर आपण काय सुचवाल?' एकेचाळीस संमेलनांत हाच विचारला. दरवेळी वक्ते म्हणाले, फार चांगला प्रश्न आहे."

"आणि उत्तर?"

"ते नाही कधी कुणी दिलं. तीन, कार्ड. आपलं नाव छापलेलं. कार्ड नसलेला माणूस संमेलनात सतरंजीसारखा असतो. सगळे त्याच्यावरून चालत जातात."

बाईंना सतरंजी व्हायचं नव्हतं. पण छापखानेवाला म्हणाला चार दिवस लागतील, आणि संमेलन परवावर आलेलं. तेव्हा बाईंना आपल्या खणातली, पुस्तकांच्या नोंदी करायची कोरी सूचिकार्डं आठवली. शाळेत संगणक आला तेव्हा ती बाद झाली, आणि संगणक बंद पडला तरी ती बादच राहिली. छान जाड, गुळगुळीत कार्डं. कोपऱ्यात ग्रंथालयाचा शिक्का मारायचा, खाली सुवाच्य अक्षरात नाव घालायचं, काम झालं.

अडचण इतकीच, की शिक्का शाळेबाहेर नेऊ नये असा नियम होता. तो नियम बाईंनी स्वतःच केलेला असल्यामुळे मोडायचा तर परवानगी कुणाची घ्यावी, हा पेच पडला. अखेर त्यांनी वहीत 'शिक्का एक, शाईची पेटी एक, संमेलनासाठी दिले' असं लिहिलं, 'देणार' या रकान्यात सही केली, 'घेणार' या रकान्यातही केली, आणि दोन्ही वस्तू पर्समध्ये टाकल्या.

इथे शिक्क्याबद्दल एक गोष्ट सांगून ठेवायला हवी, मात्र ती आपल्यातच राहू द्या. नवं पुस्तक आलं की ग्रंथपाल त्यावर तीन शिक्के मारतो. एक पहिल्या पानावर, एक शेवटच्या, आणि एक मधल्या कुठल्यातरी ठरलेल्या पानावर. पुस्तक पळवणाऱ्याने पुढची-मागची पानं फाडली तरी हा मधला शिक्का बोलतो. ते पान कोणतं, हे प्रत्येक ग्रंथालयाचं गुपित असतं. बाईंच्या ग्रंथालयाचं पान होतं सतरावं. हे बाईंच्या यजमानांनासुद्धा माहीत नव्हतं. त्यांनी कधी विचारलंही नव्हतं म्हणा.

शनिवारी सकाळी बाई इस्त्रीची साडी नेसून संमेलनाच्या नोंदणीच्या टेबलापाशी उभ्या राहिल्या. टेबलामागच्या गृहस्थाने यादीवरून बोट फिरवलं आणि एक बिल्ला पुढे केला. त्यावर लिहिलं होतं, 'सोबती'.

"हे काय?"

"प्रतिनिधींच्या घरच्यांसाठी. दोन्ही दिवस जेवण, दोनदा चहा, आणि उद्या सकाळी बसमधून बाग."

"मी स्वतः ग्रंथपाल आहे."

"अर्जात खूण सोबतीच्या चौकटीत आहे."

अर्ज शाळेच्या क्लार्कने भरला होता. त्याने दोन्ही चौकटी नीट वाचल्या आणि जिच्यात बाग होती तिच्यात खूण केली. बाईंबद्दल त्याला आदर होता.

"मग मी कुणाच्या सोबत आलेय?" बाईंनी विचारलं.

गृहस्थाने यादी पाहिली. "ते रिकामं आहे."

"माणूस एकटाच सोबती कसा असेल?"

"बाई, मी नुसते बिल्ले वाटतो."

"दुरुस्ती कुठे होते?"

"मुख्याध्यापकांच्या सहीचं मूळ पत्र आणा. खिडकी उद्या तीनला उघडते."

"समारोप उद्या चारला आहे."

"हां, म्हणजे समारोपाला बसता येईल तुम्हाला," गृहस्थ मनापासून म्हणाला.

सभागृहाच्या दाराला काच होती आणि दारापाशी बिल्ले वाचणारा माणूस होता. काचेतून आतलं दिसे, पण ऐकू काही येत नसे. तिसऱ्या रांगेत एक रिकामी खुर्चीही बाईंना दिसली. तरी पुरेपूर फायदा घ्यायचाच म्हणून त्यांनी वही उघडून टिपण सुरू केलं: 'वक्ता पहिला. चष्मा वारंवार काढतो. हात वर, बहुधा महत्त्वाचा मुद्दा.' दोन पानं झाल्यावर त्यांना स्वतःचीच कीव आली आणि त्या सोबत्यांच्या बाकावर जाऊन बसल्या.

बाकावर बरेचसे नवरे होते. त्यातल्या एकाने सरकून जागा दिली. "मिस्टर आत आहेत का?"

"नाही. घरी आहेत."

त्याने थोडा विचार केला. "मग आत कोण आहे आपलं?"

"आत मीच असायला हवी होते," बाई म्हणाल्या. गृहस्थ हळूच आणखी थोडा सरकला.

अशा वेळी माणसाला कुणी चार कामं सांगितली तरी बरं वाटतं. सोबत्यांना जिथे मज्जाव नव्हता अशी जागा एकच, पुस्तकांच्या मांडणीची. तिथे कोपऱ्यात एका टेबलावर मुलांची नवी कोरी पुस्तकं होती, आणि त्यामागे एक भुकेला विक्रेता होता.

"बाई, पाच मिनिटं बसाल का इथे? सकाळपासून एकटा आहे. जेवून येतो."

आज पहिल्यांदाच बाईंच्या बिल्ल्याकडे न बघता कुणी त्यांच्याकडे बघितलं होतं. त्या ताबडतोब खुर्चीत बसल्या. पुस्तकं मोजली, अडतीस होती. ती लेखकांच्या नावांप्रमाणे लावून उजव्या हाताला गठ्ठा केला. मग रिकामं कशाला बसायचं म्हणून पर्समधून कोरी कार्डं काढली, शाईची पेटी उघडली आणि शिक्का हातात घेतला. बारा कार्डं झाली. कार्डं करता करता बाई व्हरांड्यातल्या लांब चौकोनांचा विचार करू लागल्या. पाऊस आला की व्हरांड्यात तिरकी सर येते, ती खालच्या दोन फळ्या तरी भिजवणारच. मग सोमवारच्या सभेचा विचार आला. मग हजेरीपटांचा.

माणूस विचारात असला की त्याचे हात आपापलं शहाणपण चालवतात. बाईंच्या हातांनी बघितलं, की उजवीकडे नव्या पुस्तकांचा गठ्ठा आहे, पेटी उघडी आहे, शिक्का मुठीत आहे. सव्वीस वर्षांत या तीन गोष्टी एकत्र आल्या, की पुढे काय करायचं हे हातांना कधी विचारावं लागलं नव्हतं. पहिलं पान, ठप्प. अंगठा आपसूक सतराव्या पानावर, ठप्प. शेवटचं पान, ठप्प. पुस्तक डावीकडे. पुढचं.

अडतिसाव्या पुस्तकावर शाई पुसट उमटली, तेव्हा बाई भानावर आल्या.

विक्रेता समोर उभा होता. हातात पाण्याचा पेला तसाच.

"हे काय केलंत तुम्ही?"

बाईंनी आयुष्यात कधी खोटं नोंदवलं नव्हतं. "प्रत्येकावर तीन," त्या म्हणाल्या.

"तीन? मला एकच दिसतोय."

"एक शेवटच्या पानावर आहे. आणि एक..." बाई थांबल्या. इकडेतिकडे बघून कुजबुजल्या, "सतराव्या."

विक्रेत्याने पेला खाली ठेवला आणि तो खुर्चीत बसला. "बाई, या नमुन्याच्या प्रती आहेत. विकायच्यासुद्धा नाहीत. पुढच्या महिन्यात दुसरीकडे मांडायच्यात. आता लोक म्हणतील, हा शाळेतून पुस्तकं पळवून आणतो."

बाईंना धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. पण मजल्याखाली वाहनतळ होता.

संमेलनाच्या कार्यवाहांना बोलावणं गेलं. हे एक अतिशय वयोवृद्ध ग्रंथपाल होते. चष्मा दोरीला, पेन दोरीला. त्यांनी एकेक पुस्तक उघडून पाहिलं आणि त्यांचा चेहरा उजळत गेला. संमेलनात आजवर लोकांनी त्यांना पंख्याबद्दल आणि जेवणाबद्दल विचारलं होतं. ज्याचं उत्तर फक्त त्यांनाच ठाऊक आहे असा प्रश्न प्रथमच आला होता.

"शिक्का पडला, की पुस्तक शाळेच्या ताब्यातलं," ते म्हणाले. "मोकळं करायचं तर 'रद्द' असा शिक्का लागतो."

"तो शाळेत आहे," बाई म्हणाल्या. "हेडसरांच्या कपाटात."

"आणि त्याआधी तीन जणांची समिती. समितीने प्रत्येक पुस्तक वाचून त्यावर लेखी मत द्यायचं. आणि तोवर पुस्तक ग्रंथालयाबाहेर न्यायचं नाही."

एव्हाना जेवणाची सुट्टी झाली होती आणि टेबलाभोवती दहा-बारा ग्रंथपाल जमले होते. 'सतरावं' हा शब्द त्यांच्या कानांवर गेलाच.

"सतरावं? फार लवकर येतं हो. आमचं तेहतीस आहे."

"तेहतीस? लहान मुलांच्या पुस्तकाला तेहतिसावं पान असतं तरी का?"

"आमच्याकडे जन्मतारखेचं. माझ्या."

"मग ते आता सगळ्यांना कळलं की."

वाद इतका रंगला, की दुपारच्या सत्रात वक्ते बोलायला उभे राहिले तेव्हा समोर निम्म्या खुर्च्या रिकाम्या होत्या. बाईंची बारा कार्डं हातोहात गेली.

तोडगा निघाला तो असा. पुस्तकं बाईंनी शाळेत न्यायची, समितीकडून रद्द करून घ्यायची, आणि विक्रेता पंधरा दिवसांनी येऊन ती घेऊन जाणार. त्याने एक चिठ्ठी लिहिली. त्यात बाईंचं नाव, पुस्तकं अडतीस, परत करण्याची तारीख. "उशीर नको हं," तो म्हणाला. सव्वीस वर्षं हे वाक्य बाईंनी दुसऱ्यांना ऐकवलं होतं. आज त्यांनी चिठ्ठीवरची तारीख दोनदा वाचली.

रविवारी संध्याकाळी त्या दोन खोकी घेऊन रिक्षातून उतरल्या. यजमानांनी खोक्यांकडे पाहिलं. "बरं आहे. पुरेपूर म्हणजे इतका."

"अहो, आज काही बोलू नका."

मॅनेजरसाहेबांनी मात्र समोरच्या फाटकातून खोकी मोजली. "वहिनी," ते म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात पहिल्यांदाच आदर होता, "एकेचाळीस संमेलनांत मी एका वेळी जास्तीत जास्त सात पिशव्या आणल्या."

सोमवारी तीन वाजता सभा भरली. बाईंकडे सांगायला बाग होती, पण तिथेही त्या गेल्या नव्हत्या. त्यांनी जे घडलं ते सगळं सांगितलं. बिल्ला, काच, बाक, शिक्का. खेळाचे सर मध्येच हसले आणि मग कुणीच हसत नाही असं बघून खोकले.

हेडसरांनी कपाळाला हात लावला. मग ते म्हणाले, "ठीक आहे. पण या संदर्भात प्रत्यक्ष अंमलबजावणीच्या पातळीवर आपण काय सुचवाल?"

बाईंनी चमकून पाहिलं. हेडसरांच्याही घरासमोर कुणीतरी मॅनेजर राहत असणार.

"समिती नेमा," त्या म्हणाल्या.

समितीत हेडसर आले, गणिताच्या बाई आल्या, आणि ग्रंथालय सर्वांत जास्त वापरतात म्हणून खेळाचे सर आले. पुस्तकं खोलीबाहेर न्यायची नाहीत, म्हणजे पंधरा दिवस खोलीही हलवायची नाही. नकाशाची सुरळी करून हेडसरांनी ती कपाटावर टाकली. "पंधरा दिवस," ते म्हणाले. "नंतर सुतार येईल."

"म्हणजे मी वाचायचं?" खेळाच्या सरांनी विचारलं. "माझ्या वाट्याची तेरा पुस्तकं?"

"मत लिहायचंय ना."

"बाई, मत द्यायला वाचावं लागतं असं शिक्षकांच्या खोलीत कुणीच मानत नाही."

तरी ते आले. एका चटईवर भिंतीला टेकून बसले आणि शब्दाखाली बोट धरून वाचू लागले. पहिले दोन दिवस पानं उलटल्याचा आवाज यायचा आणि सुस्कारे. तिसऱ्या दिवशी दुपारी मुलं चेंडू न्यायला आली, तेव्हा सर एकटेच हसत होते. एका आळशी उंटाला शर्यतीत धावावं लागतं, असं काहीतरी ते पुस्तक होतं.

"सर, काय झालं?"

"काही नाही. चेंडू घ्या आणि निघा."

"सर, काय वाचताय?"

"समितीचं काम आहे. तुमच्या कामाचं नाही."

ग्रंथालयाच्या दारावर बाईंनी आजवर 'वाचाल तर शहाणे व्हाल' अशा अर्थाच्या सहा पाट्या लावल्या होत्या. त्या सहांना जे साधलं नव्हतं ते या एका वाक्याने केलं. मुलं निघाली नाहीत. सरांच्या खांद्यावरून वाकून वाचू लागली. सरांचं बोट हळू चालायचं, मुलांना दम निघेना. शेवटी सर वैतागून मोठ्याने वाचायला लागले.

दुसऱ्या दिवशी अकरा मुलं आली, नंतर तेवीस. पुढच्या शुक्रवारी चेंडू कुणी मागितलाच नाही.

"बाई, उंट जिंकतो का?"

"पुस्तक इथेच आहे. वाचा."

"घरी नेऊ?"

"नाही. आणि पंधरा दिवस संपले की ही सगळी जाणार आहेत."

"कुठे?"

"लांब. परत यायची नाहीत."

मुलांनी एकमेकांकडे पाहिलं आणि टेबलाकडे धाव घेतली. त्या गलक्यात बाईंच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. नऊ कपाटांतली पुस्तकं कुठेच जाणार नव्हती. सव्वीस वर्षं ती तिथेच होती, उद्याही असणार होती. मग आज घाई कुणाला? बाईंनी संमेलनाची वही काढली. 'वक्ता पहिला, चष्मा वारंवार काढतो' याच्या खाली लिहिलं: 'मुद्दा एक. जाणारं पुस्तक ठेवावं.' एवढ्यात कुणीतरी खुर्ची ओढली, त्यावरून दुसऱ्याने आरडाओरडा केला, आणि बाईंनी 'शांतता' म्हणायला तोंड उघडून तसंच मिटलं.

पंधराव्या दिवशी विक्रेता आला. दारात थबकला. खुर्च्या भरल्या होत्या, खिडक्यांचे कठडे भरले होते, गणिताच्या बाई एका मुलीशी एका पुस्तकाच्या शेवटावरून भांडत होत्या. ग्रंथपालबाईंनी रद्द केलेली पुस्तकं मोजून दिली. सदतीस.

"एक कमी आहे," विक्रेता म्हणाला.

बाईंनी वही उघडली. पुस्तक हेडसरांच्या नावावर होतं. त्यांनी स्मरणाची चिठ्ठी लिहिली आणि त्या स्वतः घेऊन गेल्या. हेडसरांनी त्यांना बघितलं आणि टेबलाचा खण पोटाने बंद केला.

"सर, पुस्तक ग्रंथालयाबाहेर न्यायचं नव्हतं."

"मी समितीचा अध्यक्ष आहे."

"म्हणून तर लाल शाईने लिहिलं नाही."

हेडसरांनी चिठ्ठी वाचली. "नऊच पानं राहिलीत हो," ते हळूच म्हणाले.

"ग्रंथालयात बसून वाचा. तो माणूस थांबेल."

हेडसर आले. खुर्ची रिकामी नव्हती. एक मुलगा उठायला लागला, तर बाईंनी त्याला डोळ्यांनीच बसवलं. शाळेचे मुख्याध्यापक चटईवर, खेळाच्या सरांशेजारी, मांडी घालून बसले आणि त्यांनी नऊ पानं वाचून काढली. तेवढ्या वेळात विक्रेत्याला मुलांनी घेरलं. पुस्तकं कुठे चालली, का चालली, तिथली मुलं ती नीट वापरतील का. तो बाहेर जाऊन गाडीतून आणखी एक खोकं घेऊन आला.

"दुसऱ्या नमुन्याच्या प्रती आहेत. पंधरा दिवस ठेवा. फक्त बाई..."

बाईंनी पर्समधून शिक्का काढला आणि खेळाच्या सरांच्या हवाली केला. सरांनी तो चेंडूंच्या रिकाम्या जाळीत टाकून वर गाठ मारली.

हेडसरांनी आपलं मत लिहिलं, 'रद्द'चा शिक्का मारला आणि पुस्तक मिटून दिलं. परत आलेलं पुस्तक बाई नेहमी झटकून बघत. मुलांच्या चिठ्ठ्या, पिसं, काय काय निघे. यातून घडी घातलेला एक मोठा कागद निघाला. गोल खुर्च्या, लांब चौकोन. हेडसरांनी तो खुणेसाठी घातला होता. तो सतराव्या पानाशी असताना तिथल्या शिक्क्याची शाईही त्याला लागली होती.

"सर, ही तुमची खूण," बाईंनी कागद पुढे केला.

हेडसरांनी खोलीकडे पाहिलं. मग नकाशाकडे.

"राहू द्या आतच," ते म्हणाले. "पुढच्या वाचणाऱ्याला उपयोगी पडेल."

बाईंनी सव्वीस वर्षांत कुणाचा कागद पुस्तकात राहू दिला नव्हता. हा त्यांनी नीट घडी करून ठेवला, पुस्तक मिटलं, विक्रेत्याच्या हातात दिलं, आणि वहीत लिहिलं: अडतीस, परत.